आरव्ही (चाकांवरचं फिरतं घर) म्हणजे टॅक्समध्ये दुसरं घर? अमेरिकेत नव्याने घेणाऱ्यांसाठी सगळा हिशोब

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये जेवणाच्या लाइनीत उभी होते, पुढे एक काका माझ्या नवऱ्याला सांगत होते, "अरे आरव्ही घेऊनच टाक, सगळी टॅक्समधून वसूल होते." सगळी! मी मनात म्हटलं, काकांना कुठल्यातरी डीलरने चांगलंच गाठलंय. कारण हेच वाक्य ऐकून आम्ही पण २०२२ मध्ये सेकंडहँड चोवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, आणि पहिल्या वर्षी टॅक्समध्ये त्याचा फायदा झाला किती, तर शून्य डॉलर. नियमात काही खोट नव्हती, आरव्ही दुसरं घर म्हणून धरता येते हे शंभर टक्के खरं आहे, फक्त आमचा हिशोब त्या नियमापर्यंत पोचतच नव्हता आणि ते सही करायच्या आधी आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून ओळखीत कोणी आरव्ही बघायला लागलं की फोन मला येतो. दर वेळी तेच तासभर बोलते, म्हणून यावेळी लिहूनच टाकते. मी सीए नाही, सीपीए (इथला सीए) पण नाही, पण आमचा रिटर्न मीच भरते आणि आयआरएसचं (इथल्या टॅक्स खात्याचं) घराच्या व्याजावरचं पब्लिकेशन ९३६ रात्री जागून वाचलेलं आहे (झोप येत नसेल तर उत्तम औषध).

आधी हे समजून घ्या की वजा नक्की काय होतं

आरव्हीची किंमत वजा होत नाही. हप्ता वजा होत नाही. हप्त्यातलं फक्त व्याज वजा होतं, ते पण तुमच्या उत्पन्नातून, टॅक्समधून नाही. म्हणजे १,००० डॉलर व्याज भरलं आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये (टॅक्सच्या टप्प्यात) असाल तर वाचले २२० डॉलर, उरलेले ७८० तुमच्याच खिशातून गेले. हे लिहायला इतकं सोपं आहे तरी दहातले आठ जण इथेच गडबडतात, त्यांना वाटतं हजार भरले की हजार परत.

व्याजाशिवाय घेताना भरलेला सेल्स टॅक्स आणि काही राज्यांतला दरवर्षीचा गाडीवरचा कर, हे दोन काही परिस्थितीत धरता येतात, त्यावर खाली येते. बाकी विमा, डिझेल, कॅम्पग्राउंडचं भाडं, स्टोरेज लॉटचे पैसे, टायर, हिवाळ्याआधी पाइपात घालायचं ते गुलाबी अँटिफ्रीझ, यातलं काहीच नाही. कोणी विचारलंच तर नाही म्हणून सांगा.

पहिली पायरी: झोपायला, शिजवायला, जायला

आयआरएसच्या लेखी घर म्हणजे चार भिंती आणि पाया असं नाही. घर, काँडो, मोबाइल होम, हाउस ट्रेलर, अगदी बोटसुद्धा चालते, अट एवढीच की आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय पाहिजे. तिन्ही. एक कमी असेल तर ते घर नाही.

मोठ्या मोटरहोममध्ये किंवा फिफ्थ व्हीलमध्ये (पिकअपला जोडून ओढायचा मोठा ट्रेलर) हा प्रश्नच येत नाही, तिथे माझ्या एडिसनच्या पहिल्या अपार्टमेंटपेक्षा मोठं किचन असतं. प्रश्न येतो छोट्या वस्तूंमध्ये. पॉप-अप कॅम्पर, टिअरड्रॉप ट्रेलर, स्वतः घरी बनवून घेतलेली कॅम्पर व्हॅन. टिअरड्रॉपमध्ये मागचं झाकण उघडलं की शेगडी असते, आत गादी असते, पण संडास बहुतेकात नसतोच, मग कॅम्पग्राउंडच्या बाथरूमपर्यंत टॉर्च घेऊन चालत जायचं. तो ट्रेलर कितीही गोड दिसला तरी घर नाही, त्याच्या कर्जाचं व्याज विसरा. आमच्या ट्रेलरमध्ये जे आहे त्याला वेट बाथ म्हणतात, म्हणजे कमोडवर बसूनच आंघोळ करावी लागेल इतकी जागा, माझ्या सासूबाई पहिल्यांदा आत गेल्या आणि दार उघडंच ठेवून म्हणाल्या, "अगं इथे वळायचं कसं?" पण आयआरएसला वळता येतं का याच्याशी देणंघेणं नाही. संडास आहे ना, झालं.

घेताना डीलरकडून फ्लोअर प्लॅनचा कागद घेऊन ठेवा, ज्यात बेड, किचन आणि टॉयलेट दिसतं. मोठ्या गाडीला नाही लागणार, छोट्याला उद्या कोणी विचारलं तर उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: कर्ज त्याच गाडीवर आहे का

इथे सगळ्यात जास्त लोक पडतात आणि एकदा पडलं की उठता येत नाही, कारण कर्ज घेऊन झालेलं असतं.

नियम असा, की कर्ज ज्या घरासाठी घेतलं त्याच घरावर ते तारण पाहिजे. आरव्हीच्या बाबतीत म्हणजे टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) बँकेचा किंवा क्रेडिट युनियनचा लिएन, म्हणजे तारणाचा हक्क, नोंदलेला पाहिजे, हप्ते थकले तर ते गाडी उचलून नेऊ शकतात असा. डीलरकडे जे नेहमीचं आरव्ही लोन मिळतं ते असंच असतं, तिथे काळजी नाही.

पण बघा लोक काय करतात. एक, पर्सनल लोन काढतात कारण ते ऑनलाइन दहा मिनिटांत मंजूर होतं. त्यात तारणच नाही, व्याज वजा नाही. दोन, क्रेडिट कार्ड, तेच उत्तर. तीन, भारतातून वडील किंवा सासरे पैसे पाठवतात आणि घरातल्या घरात ठरतं की दर महिन्याला व्याजासकट परत करू. भावना चांगली आहे हो, पण लिएन नाही म्हणून टॅक्सच्या दृष्टीने शून्य.

आणि चौथा प्रकार सगळ्यात फसवा, राहत्या घरावर होम इक्विटी लोन काढून त्यातून आरव्ही घेणं. ऐकायला किती बरोबर वाटतं ना, घराचंच तर कर्ज आहे, व्याज तर घराचंच आहे. २०१७ पर्यंत एका मर्यादेत हे चालायचं. २०१८ पासून नियम बदलला, आता होम इक्विटीचं व्याज तेव्हाच वजा होतं जेव्हा ते पैसे त्याच घराच्या खरेदीला, बांधकामाला किंवा मोठ्या सुधारणेला लावले असतील. घर क्रमांक एक तारण ठेवून घर क्रमांक दोन घेतलं तर व्याज वजा नाही. २०२५ च्या नवीन कायद्याने, त्या 'वन बिग ब्युटिफुल बिल'ने, हे कायमचं करून टाकलं. आमच्या ओळखीत एकांनी असंच केलं, व्याजदर आरव्ही लोनपेक्षा कमी मिळाला म्हणून खूश होते. दर खरंच कमी होता, आणि फरक मोठा असेल तर तसं करणं शहाणपणाचं पण ठरू शकतं, फक्त टॅक्सचा फायदा त्यात मोजू नका.

अजून एक बारीक गोष्ट. जुन्या गाडीवरचं उरलेलं कर्ज डीलर नव्या आरव्हीच्या कर्जात मिसळून देतो, महिन्याचा हप्ता एकच येतो म्हणून बरं वाटतं. तेवढ्या भागाचं व्याज घराचं नाही, कारण त्या पैशातून घर घेतलेलं नाही.

मर्यादेबद्दल कोणी घाबरवलं तर, पहिल्या आणि दुसऱ्या घराचं मिळून साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाचं व्याज धरता येतं (नवरा-बायको वेगळे रिटर्न भरत असतील तर प्रत्येकी त्याच्या निम्मं). १५ डिसेंबर २०१७ पर्यंतच्या जुन्या कर्जाला दहा लाख. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) घर असेल तर राहत्या घरातच ही मर्यादा संपलेली असते, मग आरव्हीला उरतच नाही काही. बाकीच्यांनी पुढे चला.

तिसरी पायरी, आणि खरी पायरी हीच: कागद पेन्सिल घ्या

व्याज वजा करायचं तर आयटेमाइज करावं लागतं, म्हणजे एकेक वजावट लिहून शेड्यूल ए हा फॉर्म भरायचा. ते नाही केलं तर सरकार आपोआप स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे एक ठरलेली वजावट, देतं. दोन्ही एकदम मिळत नाहीत, जे मोठं ते घ्यायचं. २०२५ साठी नवरा-बायको मिळून भरणाऱ्यांना स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर आहे, एकट्याला १५,७५०. २०२६ साठी ते ३२,२०० आणि १६,१०० झालंय. तर तुमच्या सगळ्या वजावटींची बेरीज या आकड्याच्या वर गेली तरच आरव्हीच्या व्याजाला किंमत आहे. ती वर गेली नाही तर तुम्ही आरव्हीवर व्याज भरा नाहीतर भरू नका, टॅक्स तेवढाच.

उदाहरण घेऊ. समजा साठ हजाराचं कर्ज, ८ टक्के, पंधरा वर्षं. हप्ता येतो साधारण ५७३ डॉलर, आणि पहिल्या बारा हप्त्यांत व्याज जातं सुमारे ४,७२० (मुद्दल फक्त २,१६० च्या आसपास फिटतं, ते बघून मला पहिल्यांदा घेरी आली होती). आता हेच ४,७२० तीन कुटुंबांत टाकून बघा, तिघं पण २२ टक्केवाले, वर्ष २०२५.

पहिलं कुटुंब, मॉर्गेजचं (घराच्या कर्जाचं) व्याज ९,०००, प्रॉपर्टी टॅक्स आणि स्टेट इन्कम टॅक्स मिळून १५,५००, देणगी १,०००. बेरीज २५,५००. त्यात आरव्हीचं व्याज घातलं, ३०,२२०. अजून ३१,५०० च्या खालीच. फायदा शून्य.

दुसरं कुटुंब, आरव्ही सोडून बेरीज २८,०००. आरव्ही धरून ३२,७२०. म्हणजे स्टँडर्डच्या वर फक्त १,२२० गेले, त्याचे २२ टक्के म्हणजे २६८ डॉलर. ४,७२० व्याज भरून २६८. एका लाँग वीकेंडच्या कॅम्पसाइटचे पैसे निघतील फार तर.

तिसरं कुटुंब, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी चढ्या दराने घर घेतलंय, मॉर्गेजचं व्याजच १६,०००, स्टेट आणि प्रॉपर्टी टॅक्स १८,०००, देणगी हजार, बेरीज ३५,०००. हे आधीच आयटेमाइज करतायत, तर आरव्हीचं व्याज पूर्णच्या पूर्ण कामाला येतं, ४,७२० चे २२ टक्के, १,०३८ डॉलर.

एकच आरव्ही, एकच कर्ज, तीन उत्तरं. डीलरच्या टेबलावर बसलेला फायनान्सवाला तुम्हाला नेहमी तिसऱ्या कुटुंबाचं उत्तर सांगतो. तुम्ही कुठल्या कुटुंबासारखे आहात हे गेल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये लिहिलेलं आहे, शेड्यूल ए आहे का बघा, नसेल तर वरची बेरीज करून बघा, चहा संपायच्या आत होतं.

आमचं २०२२ मध्ये काय झालं ते आता कळलं असेल. तेव्हा स्टेट आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून १०,००० च्या वर धरताच येत नव्हतं, न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सनेच ते भरून जायचं. २०२५ पासून ही मर्यादा ४०,००० झाली (२०२६ ला ४०,४००), उत्पन्न पाच लाखाच्या वर असेल तर ती परत कमी कमी होत जाते, आणि २०३० मध्ये सगळ्यांनाच पुन्हा १०,००० वर येणार आहे. त्यामुळे न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा जास्त टॅक्सच्या राज्यांतली बरीच कुटुंबं आता पहिल्या प्रकारातून दुसऱ्या तिसऱ्यात सरकलीत. म्हणजे जुना सल्ला, "आपल्याला आयटेमाइज होतच नाही", तो पण एकदा तपासून घ्या. आम्ही स्वतः २०२५ चा रिटर्न भरताना पहिल्यांदा ट्रेलरचं व्याज दाखवलं, फार काही नाही, पण हॉटडॉगचे पैसे निघाले.

पुण्यातला फ्लॅट मध्ये येतो तो इथे

हे मला कुठल्याच अमेरिकन लेखात सापडलं नाही, कारण त्यांना हा प्रश्नच नसतो. राहतं घर एक आणि दुसरं घर एक, एवढ्याच दोघांचं व्याज धरता येतं. आपल्यातल्या कितीतरी लोकांचा बाणेरला नाहीतर वाकडला फ्लॅट असतो, त्यावर तिकडच्या बँकेचं होम लोन चालू असतं. तो फ्लॅट भारतात आहे म्हणून बाद होत नाही, फ्लॅटवर तारण असलेलं कर्ज असेल आणि तो भाड्याने दिलेला नसेल तर तो तुमचं दुसरं घर होऊ शकतो. मग आरव्ही तिसरं झालं. दोघांतलं एक निवडायचं, आणि ही निवड दरवर्षी नव्याने करता येते, तेव्हा ज्याचं व्याज जास्त ते घ्या. रुपयातलं व्याज डॉलरमध्ये करून. फ्लॅटचा महापालिकेचा प्रॉपर्टी टॅक्स मात्र इथे धरता येत नाही, परदेशातल्या स्थावर मालमत्तेवरचा कर २०१८ पासून बंद आहे.

फ्लॅट वर्षभर भाड्याने दिला असेल आणि तुम्ही तिथे राहत नसाल तर तो दुसरं घर नाही, त्याचा भाड्याचा हिशोब वेगळा जातो आणि आरव्हीसाठी जागा मोकळी होते.

व्हिसाचं पण इथेच सांगते. एच-१बी वर असाल आणि दिवसांच्या हिशोबाने टॅक्स रेसिडेंट झाला असाल, फॉर्म १०४० (रेसिडेंटचा रिटर्न) भरत असाल, तर हे सगळं तुम्हाला लागू. पहिल्याच वर्षी १०४०-एनआर (नॉनरेसिडेंटचा रिटर्न) भरत असाल तर त्याच्या शेड्यूल ए मध्ये घराच्या व्याजाची लाइनच नाही, त्या वर्षी नाही मिळणार. आणि हो, तिकडे भावाला उत्साहात सांगू नका की कॅरव्हॅन घे टॅक्स वाचेल, भारतात ती सवलत इमारतीच्या घराला आहे, चाकांवरच्या नाही.

चौथी पायरी: १०९८ येणार नाही, वाट बघू नका

घराची बँक जानेवारी अखेरीपर्यंत फॉर्म १०९८ पाठवते, त्यात वर्षभराचं व्याज असतं. आरव्हीवाले बरेचदा पाठवतच नाहीत, कारण तो फॉर्म जमीन आणि त्यावरच्या मालमत्तेच्या कर्जांसाठी आहे आणि चाकांवरची गाडी त्यात बसत नाही. मला हे माहीत नव्हतं. मी फेब्रुवारीभर पोस्टाची पेटी बघत बसले, मग फोन केला तर पलीकडच्या मुलीने सांगितलं की आमचं कन्झ्युमर लोन आहे, आम्ही १०९८ देत नाही, म्हणजे तुम्हाला डिडक्शन नाही. तिने पहिलं बरोबर सांगितलं, दुसरं चूक. फॉर्म न येण्याने हक्क जात नाही.

करायचं असं. कर्ज देणाऱ्याच्या वेबसाइटवरून वर्षअखेरीचं स्टेटमेंट काढायचं, त्यात वर्षात भरलेलं व्याज असा आकडा असतो, नसेल तर ते मागायचं, देतात. मग शेड्यूल ए वर लाइन ८ए मध्ये १०९८ आलेलं घराचं व्याज जातं आणि लाइन ८बी मध्ये १०९८ न आलेलं, आरव्हीचं व्याज तिथे. सॉफ्टवेअर वापरत असाल तर मॉर्गेजच्या भागात "१०९८ मिळाला नाही" असा पर्याय असतो, तो निवडा. आरव्ही एखाद्या माणसाकडून घेतली असेल आणि हप्ते पण त्यालाच देत असाल, तर त्याचं नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर तिथे लिहावा लागतो, म्हणून व्यवहाराच्या दिवशीच मागून घ्या, नंतर लोक फोन उचलत नाहीत.

कर्ज घेताना पॉइंट्स (आगाऊ भरलेलं व्याज) भरले असतील तर ते राहत्या घरासारखे एका वर्षात वजा होत नाहीत, दुसऱ्या घराचे पॉइंट्स कर्जाच्या पूर्ण मुदतीवर पसरवायचे. आणि ज्यांना एएमटी (पर्यायी किमान टॅक्स) लागतो त्यांनी सीपीएला विचारा, त्या हिशोबात फिरत राहणारी आरव्ही घर म्हणून धरत नाहीत.

सेल्स टॅक्स, टेक्सासवाल्यांनी नीट वाचा

शेड्यूल ए वर स्टेट इन्कम टॅक्स किंवा सेल्स टॅक्स, दोघांतलं एकच धरता येतं. आम्हाला न्यू जर्सीत इन्कम टॅक्सच जास्त, त्यामुळे आमच्या ट्रेलरवरचा सेल्स टॅक्स गेला तो गेलाच. पण टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी इथे पगारावर स्टेट टॅक्सच नाही, मग तिथल्या लोकांनी सेल्स टॅक्सच घ्यायचा. आयआरएसचा तक्ता असतो, उत्पन्न आणि कुटुंबाप्रमाणे एक ठरलेली रक्कम मिळते, आणि त्याच्यावर गाडी, बोट, आरव्ही अशा मोठ्या खरेदीचा खरा सेल्स टॅक्स वेगळा जोडता येतो. टेक्सासमध्ये गाड्यांवर ६.२५ टक्के आहे, ७५,००० ची आरव्ही घेतली तर ४,६८७ डॉलर झाले, आणि त्या एका वर्षापुरते का होईना तुम्ही आयटेमाइजच्या रेषेपलीकडे जाऊ शकता. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या माझ्या मैत्रिणीने असंच केलं, घेतल्याच्या वर्षी आयटेमाइज, पुढच्या वर्षी परत स्टँडर्ड. यात काही चूक नाही, दरवर्षी वेगळं निवडता येतं.

रजिस्ट्रेशनचं बिल येतं त्यात गाडीच्या किमतीवर आधारलेला आणि दरवर्षी लागणारा जो भाग असेल तेवढाच धरता येतो. कॅलिफोर्नियाच्या बिलावर व्हेइकल लायसन्स फी वेगळी लिहिलेली असते, ती चालते. व्हर्जिनियात काउंटीचा गाडीवरचा पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स, तो चालतो. वजनावर किंवा ठरावीक रकमेची फी असेल तर नाही. हे सगळं त्या ४०,००० च्या मर्यादेतच मोजायचं.

माँटानात सेल्स टॅक्स नाही म्हणून तिथे कागदावर कंपनी काढून आरव्ही तिच्या नावावर घ्यायची अशी एक युक्ती कोणीतरी सांगेलच. गाडी तुमच्या ड्राइव्हवेत उभी असेल तर तुमचं राज्य नंतर यूज टॅक्स (बाहेरून घेऊन इथे वापरलेल्या वस्तूवरचा कर) दंडासकट मागतं, असे प्रकार झालेले आहेत. नका करू.

ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचं वेगळं

२०२५ ते २०२८ एक नवीन सवलत आहे, नव्या गाडीच्या कर्जाचं व्याज, वर्षाला १०,००० पर्यंत, आणि ही आयटेमाइज न करता मिळते. ट्रेलरला ही नाही. पण तो ओढायला नवा कोरा पिकअप घेतला असेल, त्याची शेवटची जुळणी अमेरिकेत झालेली असेल, एकूण वजनक्षमता १४,००० पाउंडाच्या आत असेल, वापर घरगुती असेल आणि कर्ज २०२४ संपल्यानंतरचं असेल, तर त्या पिकअपचं व्याज बसतं. उत्पन्न जोडप्याचं दोन लाखाच्या वर किंवा एकट्याचं एक लाखाच्या वर गेलं की ती कमी होत जाते. रिटर्नवर गाडीचा व्हीआयएन (ओळख नंबर) लिहावा लागतो. म्हणजे गंमत बघा, वरच्या उदाहरणातल्या पहिल्या जोडप्याला ट्रेलरचं काही मिळत नाही पण ट्रकचं मिळू शकतं, तेव्हा डाउन पेमेंटचे पैसे कुठल्या कर्जात जास्त घालायचे याचा विचार त्यांनी जरूर करावा.

छतावर सोलर लावा, ३० टक्के क्रेडिट मिळेल असं अजून कोणी म्हणत असेल तर ते क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं.

भाड्याने द्यायची असेल तर दिवस मोजा

आरव्ही वर्षात एकदाही भाड्याने दिली नाही तर तुम्ही तिच्यात एक रात्र झोपलात की नाही हे कोणी विचारत नाही, ती दुसरं घरच. भाड्याने दिली की दिवस मोजायला लागतात. तुमचा स्वतःचा वापर १४ दिवसांपेक्षा जास्त किंवा भाड्याच्या दिवसांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त, यातलं जे मोठं ते पाहिजे. १८० दिवस भाड्याने दिली तर दहा टक्के झाले अठरा, म्हणजे निदान एकोणीस दिवस तुम्ही वापरली पाहिजे. भाऊ, मुलगी, सासूबाई फुकटात घेऊन गेल्या तर ते दिवस तुमच्या वापरात धरतात. नाही भरले दिवस तर ती घर राहत नाही, भाड्याची मालमत्ता होते, आणि मग तो हिशोब मी घरी करणार नाही, तुम्ही पण करू नका.

उलट बाजूला एक छान सवलत आहे. घर म्हणून वापरता आणि वर्षात १४ दिवस किंवा त्याहून कमी भाड्याने दिली, तर ते भाडं उत्पन्नात दाखवायचंच नाही. जुलैत शेजाऱ्याला दोन आठवडे दिली, पैसे घेतले, विषय संपला. त्या भाड्यापोटी झालेला खर्च पण मग दाखवायचा नाही अर्थात.

"एलएलसी कंपनी काढून धंद्याची गाडी दाखव" हा सल्ला पण मिळतो. २०१४ ची टॅक्स कोर्टाची एक केस आहे, विमा विकणारं एक जोडपं, आरव्हीवाल्यांच्या मेळाव्यांना स्वतःची आरव्ही घेऊन जायचं, तिथेच गिऱ्हाइकांना भेटायचं, धंदा अगदी खरा होता. तरी कोर्ट म्हणालं की ही राहायची जागा आहे, तुम्ही तिच्यात राहिलात, तो वैयक्तिक वापर, खर्च नामंजूर. खऱ्या धंदेवाल्यांचं असं झालं, तर लॅपटॉप घेऊन यलोस्टोनला जाऊन दोन मीटिंगा करणाऱ्याचं काय होणार.

फाइलमध्ये काय ठेवायचं

आमच्याकडे एक जुनी लग्नपत्रिकेची जाड पिशवी आहे, त्यात खरेदीचं बिल (सेल्स टॅक्स वेगळा दिसतो ते), लिएन लिहिलेल्या टायटलची किंवा कर्जाच्या कराराची कॉपी, फ्लोअर प्लॅन, दरवर्षीचं व्याजाचं स्टेटमेंट, रजिस्ट्रेशनची बिलं आणि भाड्याने दिली असेल तर तारखांची वही. टॉयलेट पेपरच्या स्टॉकबरोबर ट्रेलरमध्येच ठेवू नका, आमची पहिली पिशवी छत गळून भिजली होती.

आणि विकाल तेव्हा, आरव्ही बहुतेक घेतल्यापेक्षा कमीतच जाते, तो तोटा टॅक्समध्ये कुठेच घेता येत नाही, स्वतःच्या वापराच्या वस्तूचा तोटा असतो तो. चुकून नफा झाला तर मात्र तो दाखवावा लागतो. विकल्याच्या वर्षी त्या दिवसापर्यंत भरलेलं व्याज धरायला विसरू नका, कर्ज बंद झाल्यावर वेबसाइटचं लॉगिन पण बंद होऊ शकतं, म्हणून शेवटचं स्टेटमेंट आधीच डाउनलोड करून ठेवा.